शितावरून भाताची परीक्षा : मूत्रपिंडाचा रोगी आणि यकृताची सुई



'काळीज' हा आपल्या भाषेतला शब्द मोठा फसवा आहे. 'काळजाचे पाणी झाले' असे म्हणताना आपला हात छातीकडे, हृदयाकडे जातो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली, की दुकानदार जे तोलून देतो ते हृदय नसते. ते असते यकृत. शब्दाच्या या घोटाळ्यामुळे आमच्या घरी एका संध्याकाळी चूल पेटली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातून परत आले आणि ओटीवर बसून म्हणाले, "डॉक्टर माझ्या काळजाला सुई टोचून तुकडा काढणार आहेत." झाले! ताईने डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "काळजाला सुई लागल्यावर माणूस जगेल कसा?" भाचा म्हणाला, "नकोच ती तपासणी." आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण घरात एम. ए. झालेला मीच.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु त्या संध्याकाळपासून पुढचे काही आठवडे मी या सुईचा विद्यार्थी झालो. डॉक्टरांना विचारले, परिचारिकांना विचारले, मिळाले ते वाचले. त्या अभ्यासात माझी स्वतःची एक चूकही उघडकीस आली. ती पुढे सांगणारच आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या यकृताचा तुकडा काढावा का, काढला तर त्यात धोका कोणता, आणि तो धोका कमी करण्यात आपला, म्हणजे घरच्या माणसांचा, वाटा किती, एवढेच आज सांगावयाचे आहे.

भावोजी पनवेल तालुक्यातले, खाडीकाठच्या गावचे. भातशेती, थोडी मिठागरातली मजुरी, असे आयुष्य गेले. मधुमेहाने हळूहळू मूत्रपिंडे थकत गेली आणि शेवटी डायलिसिसवर यावे लागले. डायलिसिस म्हणजे यंत्राने रक्त धुऊन घेणे. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरांनी 1943 साली, ऐन महायुद्धात, देशावर परकी सैन्याचा अंमल असताना, असे पहिले उपयोगी यंत्र तयार केले. सॉसेज भरण्यासाठी वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या त्यांनी एका लाकडी पिंपाभोवती गुंडाळल्या आणि त्यांतून रोग्याचे रक्त फिरवले. आज ती सोय पनवेल आणि नवी मुंबईच्या परिसरात आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि 2016 मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे पुष्कळ गरीब कुटुंबांना त्याचा खर्चही पेलता येऊ लागला आहे.

पण डायलिसिस हा काही मूत्रपिंडाचा खरा बदल नव्हे. खरा उपाय म्हणजे दुसरे मूत्रपिंड बसवणे. ताई आपले एक मूत्रपिंड देण्यास तयार होती. चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांत एक अडथळा निघाला. भावोजींच्या रक्तात पूर्वी 'हेपॅटायटिस सी' या काविळीचा विषाणू सापडला होता. हा विषाणू रक्तावाटे पसरतो. 1989 साली त्याचा पत्ता लागला, आणि त्या कामाबद्दल तीन शास्त्रज्ञांना 2020 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता त्यावर गोळ्या निघाल्या आहेत. साधारण बारा आठवडे त्या घेतल्या की शंभरातले पंचाण्णवांहून अधिक रोगी विषाणूमुक्त होतात. आपल्या देशात जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हा उपचार विनामूल्य मिळतो. भावोजींनी गोळ्या घेतल्या, विषाणू गेला. पण पाहुणा गेला तरी त्याने घराची काय नासधूस करून ठेवली आहे ते पाहावे लागतेच. यकृतावर व्रण किती पडले? ते वाळून, गाठाळून 'सिरॉसिस' झाले आहे काय? ते झाले असेल आणि यकृतातल्या शिरांमधला दाब वाढला असेल, तर नुसते मूत्रपिंड बसवण्याची शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते. मग विचार वेगळ्याच दिशेने करावा लागतो.

तुम्ही म्हणाल, यकृताची रक्ततपासणी असतेच की! असते. पण इथेच मूत्रपिंडाच्या रोग्याची पहिली फसगत आहे. यकृताला इजा झाली की काही द्रव्यांचे रक्तातले प्रमाण वाढते. त्यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. डायलिसिसवरच्या माणसात हे आकडे मुळातच इतरांपेक्षा खाली असतात. त्यामुळे यकृत आतून व्रणांनी भरत चाललेले असले, तरी कागदावर 'सर्व ठीक' असे दिसू शकते. हा झाला पहिला फसवा कागद. दुसराही एक आहे. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

सुईशिवाय कळण्याचा मार्ग नाही का? आहे, आणि तो आधी चोखाळावा असेच आजचे जाणकार सांगतात. फ्रान्समध्ये तयार झालेले 'फायब्रोस्कॅन' नावाचे यंत्र या शतकाच्या आरंभापासून वापरात आले आहे. फणस पिकला की नाही ते आपण वरून टिचकी मारून ओळखतो ना? तसे हे यंत्र बरगड्यांवरून हलका ठोका देते, आणि तो ठोका यकृतातून किती वेगाने जातो यावरून यकृत मऊ आहे की कठीण झाले आहे ते सांगते. टोचणे नाही, कापणे नाही. मात्र डायलिसिसच्या रोग्याच्या अंगात पाणी साठलेले असले, तर यकृत आहे त्याहून कठीण भासते. म्हणून ही तपासणी डायलिसिस झाल्यावर केलेली बरी. भावोजींच्या बाबतीत यंत्राने एक सांगितले आणि सोनोग्राफीने दुसरे. दोन साक्षीदारांचे पटेना, तेव्हा डॉक्टरांनी सुईचे नाव काढले. हे त्यांचे चुकले नाही. साक्षी जुळत नाहीत किंवा रोगाचे कारणच कळत नाही, तेव्हा तुकडा तपासण्यास अर्थ आहे. साक्षी जुळत असतील, तर उगाच टोचण्यात अर्थ नाही.

आता ही सुई म्हणजे काय ते पाहू.

आपले यकृत सुमारे दीड किलो वजनाचे. उजव्या बाजूला बरगड्यांच्या आडोशाला ते असते. सुईने जो तुकडा निघतो तो दीड-दोन सेंटिमीटर लांब आणि शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा. सबंध यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, ती हीच. एका शितावरून कधी कधी फसायलाही होते. वरचे शीत शिजलेले आणि बुडाचा भात करपलेला, असे घडतेच. तरीही पातेल्यात काय चालले आहे ते जाणण्याचा हा मार्ग फार जुना आणि खात्रीचा आहे.

1883 साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी यकृतात सुई घालून तिथला अंश काढला. पुढे पुष्कळ वर्षे ही क्रिया जोखमीची मानली जाई, कारण सुई यकृतात बराच वेळ राहात असे. रोग्याने तेवढ्यात श्वास घेतला, की हलणारे यकृत सुईवर फाटण्याची भीती. 1958 साली इटलीच्या मेंगिनी यांनी अशी सुई काढली की ती यकृतात जाऊन बाहेर येण्यास एक सेकंद पुरे. धोका एकदम खाली आला आणि ही तपासणी जगभर पसरली.

या एका शिताने काय काय सांगितले आहे याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. पूर्वी सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना यकृताचा एक भयंकर रोग होई. पोट वाढे, कावीळ होई आणि मूल हातचे जाई. घराण्याला शाप आहे असेही लोक म्हणत. अशा मुलांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली रंग देऊन पाहिले, तेव्हा त्यांत तांब्याचे कण खच्चून भरलेले दिसले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या तांब्याचा माग काढला, तो थेट स्वयंपाकघरात पोहोचला. कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात दूध तापवून, साठवून ते तान्ह्या मुलांना पाजले जात होते. 1983 साली हे काम प्रसिद्ध झाले. भांडे बदलले की रोग टळतो, हे कळले. शाप नव्हता, भांडे होते! दोऱ्याएवढ्या तुकड्यांनी एवढे मोठे काम केले. म्हणून सुईला नुसते घाबरून चालणार नाही.

पण तिला हलकेही लेखून चालणार नाही. यकृत म्हणजे रक्ताचे आगर. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. टोचल्यावर थोडे दुखते, ते पोटात किंवा उजव्या खांद्यातही जाणवते; ही नेहमीची गोष्ट. खरा धोका रक्तस्रावाचा. इटलीत 68 हजारांहून अधिक तपासण्यांची पाहणी करून 1986 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत दगावण्याचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या आसपास आढळले. जे काही वाईट घडले त्यातले सुमारे साठ टक्के पहिल्या दोन तासांत आणि शहाण्णव टक्के पहिल्या चोवीस तासांत घडले. हे दोन आकडे लक्षात ठेवा. सुई टोचण्याचा तो एक सेकंद जेवढा महत्त्वाचा, तेवढेच त्यानंतरचे चोवीस तास महत्त्वाचे.

मात्र हे सर्वसाधारण रोग्यांचे आकडे झाले. मूत्रपिंड निकामी झालेला रोगी या हिशेबात जसाच्या तसा बसत नाही. का, ते सांगतो; आणि इथेच तो दुसरा फसवा कागद येतो.

आपल्याकडे खाडीकाठी खारबंदिस्तीचे बांध आहेत. आज जिथे विमानतळाची धावपट्टी आहे, त्या बाजूलाही पूर्वी अशी खाचरे होती. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली, की खारे पाणी शेतात शिरते. मग हाकाटी होते आणि गावची माणसे चिखल, दगड, पेंढा घेऊन धावतात. आधी खांड बुजवतात आणि मग तिच्यावर पक्का बांध घालतात. आपल्या शरीरात शिरेला खांड पडली, तर धावणारी माणसे म्हणजे रक्तबिंबिका. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांचे नाव आपण रोज ऐकतो, त्या प्लेटलेट. त्या आधी जाऊन भोकाला चिकटतात, एकमेकींना धरतात, आणि मग रक्त गोठून पक्का बांध होतो.

रक्ततपासणीत या रक्तबिंबिका मोजतात. भावोजींची संख्या चांगली भरली. रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणीही ठीक आली. मला वाटले, मग काळजी कसली? डॉक्टरांनी मला विचारले, "तुम्ही मास्तर ना? हजेरीपटावर साठ मुले हजर आहेत, म्हणजे साठही मुलांचे लक्ष फळ्याकडे आहे, असे असते का?" मी हसलो. त्यांना काय म्हणायचे होते ते माझ्यासारख्या शिक्षकाला लगेच कळले. मूत्रपिंडे घाण बाहेर टाकीनाशी झाली, की रक्तात साठलेली विषे या रक्तबिंबिकांना सुस्त करतात. संख्या पुरी, पण भोकाला चिकटण्याची आणि एकमेकींना धरण्याची ताकद कमी. गावात माणसे भरपूर, पण सगळी तापाने फणफणलेली. खांड बुजवायला उठणार कोण? त्यात आणखी एक. तांबड्या पेशी रक्ताच्या धारेच्या मध्यातून जातात आणि रक्तबिंबिकांना काठाशी ढकलतात. मूत्रपिंडाच्या रोग्याला पंडुरोग असतोच. तांबड्या पेशी कमी, म्हणून रक्तबिंबिका काठाशी, म्हणजे जिथे भोक पडायचे तिथे, पुरेशा पोहोचत नाहीत. शिवाय डायलिसिसच्या वेळी यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध देतात. त्याचा अंमल काही तास टिकतो. त्या अंमलात सुई टोचली तर काय होईल, ते निराळे सांगायला नको.

आता उपाय. सुदैवाने उपाय आहेत, आणि ते कठीण नाहीत. पहिला, तपासणीच्या आदल्या दिवशी डायलिसिस करून घ्यायचे, म्हणजे रक्तातली विषे कमी होतात. आणि ते शक्यतो हेपॅरिनशिवाय करायचे. दुसरा, हिमोग्लोबिन फार खाली असेल तर आधी ते दहाच्या आसपास आणायचे. तिसरा, डेस्मोप्रेसिन नावाचे औषध. मिलानचे मान्नुची आणि त्यांचे सहकारी यांनी 1983 साली दाखवून दिले, की मूत्रपिंडाच्या रोग्यांना हे औषध दिले असता रक्त थांबण्यास लागणारा वेळ कमी होतो. शिरेतून दिल्यावर सुमारे तासाभरात गुण येतो आणि काही तास राहतो. सुस्त पडलेल्या गड्यांना तेवढ्या वेळापुरते उठवून उभे करणारे औषध म्हणा. ते सरसकट सर्वांना देत नाहीत. रोग्याच्या हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात.

चौथा उपाय म्हणजे वाट बदलणे. नेहमीची वाट बरगड्यांमधून. त्या जागेपुरती भूल देतात, श्वास सोडून रोखून धरायला सांगतात, आणि सोनोग्राफीत पाहून सुई घालतात. या वाटेने रक्त आले तर ते पोटाच्या पोकळीत साठते आणि बाहेरून दिसतही नाही. दुसरी वाट मानेतून. मानेच्या मोठ्या शिरेत बारीक नळी घालतात, क्ष-किरणांत पाहात ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली यकृताच्या शिरेत नेतात आणि शिरेच्या आतूनच तुकडा घेतात. यात युक्ती अशी, की भोकातून रक्त आलेच तर ते पुन्हा शिरेतच पडते. घरच्या हौदाला गळती लागावी आणि पाणी आपल्याच विहिरीत जावे, तसे! भावोजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दुखणं पोटात नि वाट मानेतून? पनवेलला जायला पेणवरून जाण्यातला प्रकार!" पण लांबच्या वाटेलाही कधी कधी अर्थ असतो. या वाटेने जाता जाता यकृताच्या शिरांमधला दाबही मोजता येतो, आणि प्रत्यारोपणाच्या निर्णयाला तो फार उपयोगी पडतो.

ही वाट अगदीच निर्धोक आहे असे मात्र समजू नये. तुकडे बारीक येतात, म्हणून दोन-चार घ्यावे लागतात. नळी जाताना हृदयाचे ठोके थोडा वेळ चुकू शकतात, आणि सुई फार खोल गेली तर पोटात रक्त येऊ शकते. डायलिसिसच्या नळ्यांमुळे मानेच्या शिरा आधीच बुजलेल्याही असतात. म्हणून कोणत्या रोग्याला कोणती वाट, हे त्याला पाहूनच ठरवावे लागते. नीट तयारी केली, तर बरगड्यांतली वाटही अशा रोग्याला चालते असे म्हणणारे डॉक्टर आहेत. आपण एका वाटेचा हट्ट धरू नये. मात्र 'हीच वाट का?' हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता माझी चूक. दाखल होण्याच्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "पेशंट रक्त पातळ करणारे काही औषध घेतात का?" मी शिकलेला माणूस. औषधांच्या चिठ्ठ्या मी क्रमाने फाईलला लावल्या होत्या. मी ठासून सांगितले, "नाही." संमतिपत्रही मीच भराभरा वाचले आणि भावोजींचा अंगठा नव्हे, सही घेतली, याचा मला अभिमान! संध्याकाळी एक वयस्क परिचारिका आल्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि ताईला विचारले, "बाई, यांचं गुडघा-डोकं दुखलं की काय देता हो?" ताई म्हणाली, "देते की. दुकानातनं गोळी आणते. दोन दिवसांपूर्वीच घेतली. पाण्यात विरघळते ती." ती ॲस्पिरिनची गोळी निघाली. एक गोळी घेतली तरी त्या दिवशीच्या सगळ्या रक्तबिंबिका जन्मभरासाठी कमकुवत होतात, आणि नव्या तयार होऊन पुरेशा व्हायला आठ-दहा दिवस लागतात. मुळात सुस्त असलेल्या गड्यांना आम्ही घरूनच अफू पाजून आणले होते!

तपासणी पुढे ढकलली. मला त्या रात्री झोप आली नाही. प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता आणि उत्तर मी दिले होते. 'रक्त पातळ करणारे औषध' हे शब्द मला कळले होते, पण उत्तर माहीत होते ताईला. आणि तिला ते शब्द कळले नव्हते. घरातला शिकलेला माणूस पुष्कळदा असा मध्ये उभा राहतो आणि वाटच अडवतो. त्या परिचारिकाबाईंनी प्रश्न माजघराच्या भाषेत विचारला, म्हणून मोठा अनर्थ टळला असेल. भाषा शिकवणाऱ्या माणसाला भाषेचा एवढा मोठा धडा दुसऱ्या कुणी दिला नाही.

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. आदल्या दिवशी हेपॅरिनशिवाय डायलिसिस झाले. सकाळी रक्त तपासले, डेस्मोप्रेसिन दिले, आणि मानेच्या वाटेने तुकडे घेतले. त्यानंतरच्या चोवीस तासांत नाडी आणि रक्तदाब वरचेवर पाहात होते. ताई पायाशी बसून होती. भावोजी दोनदा म्हणाले, "उठून बसू का?" दोनदा तिने डोळे वटारले. काही झाले नाही. आठवड्याने निकाल आला. व्रण आहेत, पण सिरॉसिस नाही. दाबही वाढलेला नाही. म्हणजे प्रत्यारोपणाचे दार बंद झाले नव्हते. पुढच्या चाचण्या, समितीची परवानगी, हा प्रवास मोठा आहे, आणि तो अजून चालू आहे. पण त्या संध्याकाळी आम्ही 'नको' म्हणून बसलो असतो, तर ते दार उघडे आहे की बंद हे कधी कळलेच नसते.

श्रोते हो, या अनुभवातून थोडे व्यवहाराचे सांगतो. तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा : ही तपासणी सुईशिवाय होण्यासारखी नाही का? निकाल आला म्हणजे उपचारात काय बदलणार आहे? डायलिसिस केव्हा करायचे आणि हेपॅरिनचे काय? वाट कोणती आणि का? रात्रभर ठेवून घेणार ना? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि त्यांनी न विचारताही सांगावयाच्या गोष्टी या. दुकानातून आणलेली प्रत्येक गोळी, वैद्याचे चूर्ण, काढा, सर्व सांगा. हृदयात स्प्रिंग बसवली असेल आणि त्यासाठी गोळ्या चालू असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. त्यानेही जीव जाऊ शकतो. त्या कधी थांबवायच्या आणि थांबवायच्या की नाही, ते दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायचे. ज्या हातावर डायलिसिसची शीर तयार केली आहे, तो हात दाखवा आणि त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नका. तपासणी झाल्यावर दुखले तर घरची गोळी देऊ नका, परिचारिकेला सांगा. घरी आल्यावरही काही दिवस जड उचलू नये. घेरी, दरदरून घाम, पोट फुगणे, वाढत जाणारे दुखणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात तपासणीचे कागद वाचून घ्यायला माणसे तुमच्याकडेच येतात. कागद वाचून दाखवा, पण तेवढ्यावर थांबू नका. शाळेच्या वहीचे एक पान घ्या. घरच्या बाईला शेजारी बसवा. ती काय काय देते, केव्हा देते, ते तिच्याच शब्दांत लिहा, आणि ते पान फाईलच्या अगदी वर लावा. आमच्या फाईलमध्ये सगळे कागद होते. तेवढे एक पान नव्हते.